‘विजया’चं झाकण

३ फेब्रुवारी
भिलाईला सुखरूप पोहोचलो. मिलमालक देवानंदजी स्वतः स्टेशनवर आले होते. वाटेत तर्री-पोहे खाऊ घातले. इथल्या रुआबांधा वस्तीत त्यांनी बांधलेल्या नव्या मंदिरामागं खोली दिली आहे, खिडकीशी पारिजातक. ‘विजया’ हे शिडाचं जुनं व्यापारी जहाज त्यांच्या रोलिंग मिलमध्ये भंगारात आलं. त्याची घंटा मंदिरात टांगली आहे, मालखान्याचं लोखंडी झाकण आवारातल्या पाण्याच्या टाक्यावर बसवलं आहे. जहाजाचा इतिहास मी लिहायचा, प्रतिष्ठापनेला तो वाटला जाईल. आंघोळ करून घंटा वाजवली. असा नाद आमच्या गावात नाही.

७ फेब्रुवारी
सगळे म्हणतात, ‘विजया’ तांदूळ वाहायची. आज माळी केवलरामनं झाकण उलटं करून दाखवलं. कडी बाहेरून, आतल्या बाजूला नखांचे ओरखडे. तांदळाला नखं असतात?
आमच्या गावच्या बंदरावरच्या रामाजी खलाशांना फोन केला. त्यांच्या घरात ऐकत आलेले: मजूर भरून न्यायचे. घंटा झाली की झाकण उघडून पाणी द्यायचे. एका वादळात घंटा झाली, झाकण उघडलंच नाही.
देवानंदजी हसले. “गुरुजी, तुमाले इतिहास लिवाले बोलावलं, मयतावर रडाले नाही. तांदूळ वाहत होतं, लिहून टाका!”
उठून निघून आलो. रागानं.

१० फेब्रुवारी
घंटा वाजवली, तर टाक्यातून ठोके. पुन्हा वाजवली, पुन्हा ठोके. देवा, इतके दिवस मी तुला नाही, त्यांना बोलावत होतो. तहानलेल्यांना. देवानंदजींना घंटा उतरवा म्हटलं, तर माझ्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणे.

११ फेब्रुवारी
आज घंटेविनाच ठोके, थांबेनात. उद्याच्या प्रतिष्ठापनेचे पाहुणे ऐकतील म्हणून देवानंदजींनी झाकण वेल्डिंग करून घेतलं. आडवा गेलो. ढकलून दिलं मला. नीच माणूस!

१२ फेब्रुवारी
केवलरामची बायको कौशल्या आली. “गुरुजी, हे काल टाकं धुवाले उतरले, तं घरीच नाही आले. झाकण कोनं लावलं?”

झाकणावर बसून लिहितोय. कौशल्या गॅस कटर आणायला धावली आहे. पहारेनं कोपरा फुटला, बोटभर फट. केवलराम जिवंत आहे. म्हणतो, इथं लई लोकं आहेत गुरुजी, घंटा झाली का माह्या अंगावर चढतात—
फटीतून पाणी ओतलं. झेलायला बोटं आली. एका माणसाची नव्हेत—
ओरडून सांगितलं, आरती थांबवा. देवानंदजी म्हणाले, बिनघंटेची आरती होते का कुठं!
हाच ‘विजया’चा इतिहास. तांदूळ नव्हता. माणसं—
देवानंदजींनी घंटेच्या दोरीला हात घातला. केवलराम, फट धरून ठेव, सोडू नको, मी—