काठ सांभाळणारे सहाजण

१४ नोव्हेंबर, दुकान बंद केल्यावर

धाकट्या,

ताईचे आशीर्वाद घे आणि रागावू नकोस. या आठवड्यात तुझे फोन आले तेव्हा मी शिलाई मशीन चालूच ठेवून बोलले. आवाज नीट येत नव्हता, ते मुद्दाम. तू काय विचारणार ते ठाऊक होतं.

इकडचं बरं आहे. आई दिवसभर कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम. तुझ्या डेपोतला तो जाड्या ड्रायव्हर पुन्हा पँट सैल करायला आला होता. म्हटलं, आता आत कापडच उरलं नाही, पोटाचं काहीतरी बघा. हसला. तुला विचारत होता. तुझी बस आता दुसऱ्या कुणाकडे दिली आहे, पण सीटवरची तुझी उशी त्याने जपून ठेवली आहे.

तू म्हणे वॉर्डातल्या नर्सना सांगत असतोस की ताईचा बोन मॅरो अंगात गेला की मीही टोमणे मारायला लागणार. मी ऐकून खूप हसले होते. माझा मॅरो तुला पूर्ण जुळतो असं कळल्यापासून आईने माझी बॅगसुद्धा भरून ठेवली आहे.

आता आई आणि मी डॉक्टरांना भेटलो त्या दिवसाचं सांगते. डॉक्टरीणबाई घरातली आजारपणं विचारत होत्या. आई ताठ बसून म्हणाली, आमच्याकडे कुणाला काही नाही, फक्त केस लवकर पिकतात. आणि मग तिचं नेहमीचं सुरू झालं: यांचे केस तिशीतच पांढरेशुभ्र, गिऱ्हाईक नुसतं डोकं बघून विश्वास टाकायचं, एवढा रुबाब होता. बाईंचं लिहिणं थांबलं. बाबा कशाने गेले, त्यांनी विचारलं. लाकडाच्या भुशाने, आई म्हणाली, सुतारकीने फुफ्फुसं खाल्ली. मग त्यांनी माझं रक्त पुन्हा घेतलं.

सोमवारी मला एकटीला बोलावलं. लहानशी खोली, दोन खुर्च्या आणि टेबलावर कागदी रुमालांचा खोका. चांगल्या बातमीसाठी कुणी रुमाल मांडून ठेवत नाही.

तुला त्यांनी समजावलं असेलच, पण मला कळलं तसं लिहिते. पेशीतल्या प्रत्येक गुणसूत्राच्या टोकांवर सहा प्रथिनं मिळून बसलेली असतात. हे टोक आहे, तुटलेलं नाही, एवढंच ती पेशीला सांगत राहतात. त्यांचं हे पांघरूण नीट बसलं नाही की टोकं वेळेआधी आखूड होतात. फारच आखूड झाली की पेशीला वाटतं इथे काही तुटलंय, आणि ती नवी पेशी बनवायचंच थांबवते. आपल्याकडे त्या सहांतलं एक प्रथिन मुळातच बिघडलेलं बनतं. मी म्हटलं, काठाला ओव्हरलॉकची शिलाई न मारलेलं, उसवत जाणारं कापड. त्या म्हणाल्या, साधारण तसंच. बाबांच्या केसांत तेच होतं, फुफ्फुसांतही. तुझं रक्त आटलं तेही त्यानेच. आपण इतकी वर्षं भुशाला शिव्या घातल्या. आईने तर रागाने बाबांचे रंधे आणि करवती विकून टाकल्या.

मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भावाला मॅरो कधी द्यायचा?"

त्या म्हणाल्या, "तुम्हाला देता येणार नाही. तुमच्यातही तोच दोष आहे."

लिहिलं एकदाचं. तीन कागद फाडले, धाकट्या.

माझं रक्त आज चांगलं आहे. फुफ्फुसं अधूनमधून तपासायला सांगितली आहेत. पण माझा मॅरो तुला देणं म्हणजे तुला आगीतून काढून फुफाट्यात टाकणं. बाहेरचा दाता शोधायला त्यांनी सुरुवात केली आहे. मिळेल किंवा नाही मिळणार. तुला खोटं सांगणार नाही. घरी येताना वाटेत एका दुकानाच्या पायरीवर बसून रडले. तुझ्यासाठीच रडले असं लिहिणार होते, पण स्वतःसाठीही रडले. मला फार भीती वाटते. तुला काहीतरी देता येणार आहे, या एकाच गोष्टीवर मी गेले दोन महिने उभी होते.

आईला अजून सांगितलेलं नाही. आज दुकानात शेजारीण आली तेव्हा आई तिला म्हणत होती, "एक अंथरुणाला खिळला, पण दुसरी धडधाकट आहे, तेवढं तरी देवाने राखलं." मी शेजारीच बटणं लावत होते. मान वर केली नाही.

रविवारी आई आणि मी भेटायला येतोय. तिथे तुझ्यासमोर तिला सांगेन. तू काही बोलू नकोस, विनोदही नको. फक्त तिचा हात धरून ठेव. दुसरा मी धरेन.

तुझी, आणि आता तुझ्यासारखीच,
ताई