तिन्ही टबांत विसण

थेरगाव, शुक्रवार

आदरणीय किसनमामा,

सप्रेम जय भीम. तुमची तब्येत बरी असेल, तानुमामींचे गुडघे या थंडीत फार छळत नसतील, आणि डॉक्टरांनी बंद केलेला दुपारचा चहा तुम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर घेत नसाल, अशी आशा करते (घेतच असाल). इकडे आई ठीक आहे. मी ठीक नाही.

तळवडे ते थेरगाव अंतर ते केवढं, आणि भाची पत्र कसलं लिहिते, असं तुम्ही मामींना विचाराल. पण तीस वर्षं चाकणच्या फोर्जिंग शॉपमध्ये हॅमरशेजारी काढल्यापासून तुमच्याशी फोनवर ओरडूनच बोलावं लागतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. आमच्या बिल्डिंगच्या भिंती पातळ आहेत आणि पलीकडे माझ्याच सातवीच्या वर्गातल्या दोन मुलांचे पालक राहतात.

तर काल माझा पाठ होता. तीन वर्षं मी शिक्षण सेविका आहे. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरवायला तपासणीचे साहेब वर्गात येऊन बसणार होते. विषय, उष्णता आणि तापमान. खडू-फळ्यावर भागलं असतं. पण मुलांनी हात घालून शिकावं ही मला हौस (ती तुमच्याकडून आली, आईकडून नाही). म्हणून तीन टब मांडले. डावीकडे सोसेल इतकं गरम पाणी, उजवीकडे बर्फ टाकलेलं, मधे कोमट. एक हात गरमात, एक गारात, मिनिटभर ठेवायचे आणि मग दोन्ही मधल्या टबात घालायचे. पाणी एकच, पण डाव्या हाताला ते गार लागतं आणि उजव्याला गरम. म्हणजे हातावर भरवसा ठेवू नये, थर्मामीटर लावावा. प्रयोग इतका साधा की त्यात चुकायला जागाच नाही. ती जागा गोजाबाईंनी शोधली.

गोजाबाई आमच्या शाळेच्या मावशी, मूळच्या मावळातल्या. चार मुलं आणि अकरा नातवंडं त्यांच्या हातून न्हाऊन मोठी झाली आहेत. मी साहेबांना नमस्कार करायला ऑफिसात गेले तेवढ्यात त्या वर्ग झाडायला आल्या. एका टबातून वाफा निघतायत, दुसऱ्यात बर्फ तरंगतोय, जानेवारीची सकाळ, आणि यात मुलं हात घालणार. मग त्यांनी गरमात गार ओतलं, गारात गरम ओतलं, कोपर बुडवून अंदाज घेतला, आणि तिन्ही टब विसण घालून अंघोळीचं पाणी काढावं तसे लावून ठेवले. (मामी म्हणतील, बरोबरच केलं. तेच तर दुःख आहे.)

मी परत आले आणि वाफ-बर्फ आहे की नाही हे न बघता, पाण्यात बोटसुद्धा न बुडवता पाठ सुरू केला. विज्ञानाची शिक्षिका.

साहेब हौशी निघाले. बाह्या सारून पहिले तेच पुढे आले. मिनिटभर डोळे मिटून हात बुडवले, मग मधल्या टबात घातले, आणि मान डोलावत म्हणाले, डावा गार, उजवा गरम, अगदी पुस्तकात आहे तसं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मग रांगेनं मुलं आली आणि एकूण एक जण तेच सांगून गेला. आयुषनं तर डाव्या टबातून हात काढून चटका बसल्यासारखी फुंकरही मारली. त्याच्यामागे भाग्यश्री होती. वडील कंपनीत शिफ्टला, आई पोळ्यांच्या ऑर्डरी करते, आणि ही विचारल्याशिवाय बोलत नाही. तिनं हात बुडवले, मग अदलाबदल करून पुन्हा बुडवले, आणि हळूच म्हणाली, “मॅडम, तिन्ही सारखंच लागतंय.”

मामा, मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. “नीट लक्ष दे. बाकी सगळ्यांना कळलं, तुलाच कसं कळत नाही?” साहेब हसले. मग वर्ग हसला.

तिची खात्री पटावी म्हणून थर्मामीटर मी तिच्याच हातात दिला. नोकरी लागली तेव्हा तुम्ही दिलेला, वितळत्या बर्फात शून्य आणि उकळत्या पाण्यात अठ्ठ्याण्णव तपासून (आपल्या उंचीवर शंभर येत नाही, असं तेव्हा म्हणाला होतात). तिनं मोठ्यानं वाचलं. अडतीस. अडतीस. अडतीस. साहेब रुमालानं हात पुसत होते, ते थांबले. “मॅडम, थर्मामीटर खराब दिसतोय?” तेव्हा कुठे मी बोट बुडवलं, एका टबात, मग दुसऱ्यात. माझ्या बोटाला सगळं कळलं. भाग्यश्री माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, “हो सर. जुना आहे.”

नंतर व्हरांड्यात गोजाबाईंना विचारलं. म्हणाल्या, “एकात वाफा, एकात बरफ. लेकरांचं हात हायेत का वरवंटं? इसण घातलं म्या.” त्यांच्यावर रागावण्याचा हक्क मला राहिला नव्हता.

शिकवणं माझं काम नव्हे, हे आता पटलं आहे. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. मामींना जय भीम.

तुमची भाची,
श्रद्धा

ता. क. (शनिवार) : राजीनामा राहिला. साहेबांचा शेरा आला, ‘अध्यापन उत्तम, साहित्य सदोष, कायम करण्यास हरकत नाही.’ आईनं मजलाभर पेढे वाटले. तुमचा डबा आणि हे पत्र घेऊन तीच सोमवारी येतेय. पाकीट चिकटवलं आहे. तिच्यासमोर मोठ्यानं वाचू नका (तुम्ही सगळंच मोठ्यानं वाचता).

ता. क. दुसरा (रविवार) : चिकटवलेलं पाकीट फोडलं. प्रयोगवह्या पुन्हा काढून पाहिल्या. भाग्यश्रीनं ‘तिन्ही सारखे’ लिहून खोडलंय आणि खाली सुवाच्य अक्षरात ‘डावा गार, उजवा गरम’ लिहिलंय. त्यावर लाल शाईची बरोबरची खूण आहे. ती मीच, गठ्ठा संपवायच्या घाईत, शुक्रवारी केलेली.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच : बुधवारी तिसऱ्या तासाला शाळेत या. बर्फ मी आणते, पाणी मी उकळते, गोजाबाईंना पुढच्या बाकावर बसवते. तुम्ही फक्त थर्मामीटर सगळ्यांसमोर तपासा आणि तो खरा आहे एवढं सांगा. खोटं कोण बोललं, ते मी सांगेन. एकटी असले तर मी पुन्हा ‘जुना आहे’ म्हणेन, माझा भरवसा नाही. मी सांगताना वर्ग हसेल. तुम्हाला ते ऐकू येणार नाही, पण माझ्या शेजारी उभे राहा.