बाळाच्या रक्तात जे नव्हतं

प्रिय शेंडेफळा,

सातवा महिना सुखरूप लागला, हे तुझ्या पत्रात वाचून आईने दोनदा चष्मा पुसला. रक्त कमी सांगितलंय ना, मग त्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस, अंगी लागत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेतलं ज्ञान तुला फुकट.

आज मात्र आपल्या भावाबद्दल, बाळाबद्दल लिहायचं आहे. तुझ्या जन्माआधी दोन वर्षं तो गेला; तुला कपाटावरचा फोटो तेवढा माहीत. तिसऱ्या महिन्यापर्यंत चांगला गुटगुटीत होता. मग तोंडात पांढरे चट्टे आले ते जाईनात. जुलाब, खोकला, ताप. एक बरं होतंय तोवर दुसरं उभं. अंग मेणासारखं पांढरं पडलं. रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले. मी आठ वर्षांची होते, शाळेतून सर्दी घेऊन आले होते. त्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असं आईने बजावलं होतं. तरी मी चोरून त्याचा पापा घेतला. चार दिवसांनी त्याची छाती भरली आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. आई एकदाच म्हणाली, "तूच आणलंस घरात." पुन्हा कधी बोलली नाही, पण ते वाक्य माझ्या उशाशीच राहिलं. लग्नाचा विषय निघाला की मी का उठून जायचे, ते आता तुला कळेल. पोर सांभाळायची आपली लायकी नाही, असं मनाने घेतलं होतं.

सहा वर्षांपूर्वी चार महिन्यांच्या एका मुलाचं रक्त तपासायला आलं. लहान मुलाच्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशी ढिगाने दिसायला हव्यात, त्या जवळपास नव्हत्याच. माझंच चुकलं असेल म्हणून मी तीनदा पाहिलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. काहींचं शरीर साध्या धुळीवरही तुटून पडतं, अंगावर गांधी उठतात, दम लागतो. या मुलांचं उलटं. जंतू आत शिरला तर अडवायला कुणीच नसतं. ही खोट बहुतेक वेळा आईकडून मुलग्यांत उतरते. आईला स्वतःला काही होत नाही, म्हणून तिला पत्ताही नसतो. मला आईच्या आईचे दोन मुलगे आठवले, रांगायच्या आत गेलेले. मी माझं रक्त तपासायला पाठवलं. खोट माझ्यातही निघाली.

जिन्यात बसून मी पोटभर रडले. बाळ माझ्या सर्दीआधीच हरत आला होता. आईला सांगायला धावत घरी आले. ती भाजी निवडत बसली होती. मी समोर बसून तिच्याबरोबर भाजी निवडू लागले. माझ्या मानेवरचं ओझं उचलून मी थेट तिच्या मानेवर ठेवणार होते. सहा वर्षं गप्प राहिले.

तुझं पत्र आल्यावर मात्र गप्प बसवेना. रविवारी तिला सगळं सांगितलं. तिने कपाटावरचा बाळाचा फोटो खाली घेतला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्याकडूनच गेलं ते." आणि थोड्या वेळाने माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "तुला मी काय बोलून बसले गं तेव्हा."

तुझ्यातही ती खोट असण्याची शक्यता निम्मी आहे. या आठवड्यातच जावईबापूंना घेऊन जा आणि रक्त तपासून घे. मुलगा झाला तर जन्मताच त्याचंही रक्त तपासायला सांग, आणि रिपोर्ट येईपर्यंत जिवंत जंतूंची लस देऊ देऊ नकोस. घाबरू नकोस. वेळेत कळलं तर आता उपाय आहे. त्या चार महिन्यांच्या मुलाला त्याच्या बहिणीच्या हाडांतला मगज दिला. तो आज शाळेत जातो. आई म्हणाली, तिला सगळं लिही, माझी चूकही लिही. बाकी सगळं लिहिलं. चूक मात्र शोधूनही सापडली नाही.

तुझीच, मावशी व्हायला आतुर,
ताई