वाघाची तब्येत ठीक आहे

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या ढब्बूचा लांबूनच वाकून नमस्कार. (वाकलो की हल्ली कंबर परत सरळ व्हायला कुरकुरते, म्हणून लांबूनच बरा.) तुझे गुडघे कसे आहेत, खोकला गेला का, आणि दुपारी जरा पडतेस की अजून तुझं ते डबे घासणं चालूच असतं? इथे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझी सून मजेत आहे, मुलगी एकदाची पास झाली, आणि तू दर वेळी विचारतेस म्हणून आधीच सांगून टाकतो, तू भरलेला वाघही भिंतीवर अगदी मजेत आहे.

(मास्तरीणबाई, तुम्हालाही नमस्कार. आत्याला दिसेनासं झाल्यापासून माझी पत्रं तुम्हीच तिला वाचून दाखवता, हे तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. पण या वेळी एक विनंती आहे. या पत्रात जे कंसात आहे ते फक्त तुमच्यासाठी. ते मनातल्या मनात वाचा आणि पुढे चला. वरचा कमरेचा कंस वाचून झाला असेल तर हरकत नाही. मध्येच का थांबलात असं तिनं विचारलं तर ढब्बूचं अक्षर लागत नाही म्हणा, तिला लगेच पटेल. वाघ मजेत आहे हे खरं आहे. कुठल्या भिंतीवर, ते पुढे येईल.)

आत्या, मागे फोनवर मी तुझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा विषय काढला, तेव्हा तू म्हणालीस की सगळं बघून झालंय, आता नवीन काय बघायचं राहिलंय, आणि फोन ठेवून दिलास. तुझ्याशी वाद घालायची माझी टाप नाही, म्हणून मी परत फोन लावला नाही. पण ते तुझं बोलणं काही डोक्यातून जाईना. जी बाई दिव्याच्या उजेडात एका झटक्यात सुईत दोरा ओवायची, ती आता समोरचा कप चाचपडत शोधते, हे मला बघवत नाही, स्पष्टच सांगतो. आणि नेमकं त्याच सुमारास आमच्या सरकारी दवाखान्यात पत्र आलं, की गावानं डोळ्यांसाठी एक खोली सजवून दिली, म्हणजे दिवा, यंत्र, पलंग वगैरे, तर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई दर आठवड्याला येऊन ऑपरेशनं करतील. खोली होती. तिच्यात मोडकी कपाटं आणि एक मांजर राहत होतं. बाकी सगळं आणायचं तर निधी जमवायला हवा, म्हणून वाचनालयात सभा बोलावली.

मी त्या सभेला जरा लवकर गेलो, ही माझी पहिली चूक. वाचनालयात सगळ्या खुर्च्या डुगडुगतात, एकच हातांची खुर्ची भक्कम आहे, म्हणून मी तिच्यावर बसलो, ही दुसरी. आमच्या गावात हातांच्या खुर्चीवर जो बसलेला सापडेल तो अध्यक्ष, असा अलिखित नियम आहे, आणि तो मला सोडून सगळ्यांना ठाऊक होता. मी उठायला बघत होतो तेवढ्यात टाळ्या झाल्या. घरी आल्यावर तुझ्या सुनेनं विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, मी ठरलो.

सुरुवातीला आम्ही दुकानादुकानांतून डबे ठेवले. महिन्यानं उघडले तर शर्टाची बटणं, एक गंजलेली किल्ली आणि डबा हलतो, नीट ठोका, अशी चिठ्ठी निघाली. मग पायी फेरी काढली. जो जितका चालेल तितके पैसे देऊ, असं बऱ्याच जणांनी कबूल केलं होतं. पहिल्याच वळणावर चहाचं दुकान लागलं आणि फेरी तिथे जी बसली ती उठलीच नाही. वर त्या चहाचे पैसे निधीतून गेले. मी रोज दवाखान्यावरून जाताना त्या खोलीकडे बघायचो. मांजर खिडकीत बसून माझ्याकडे बघायचं. तोंड दाखवायला जागा नव्हती म्हण ना.

शेवटी आमच्या औषधवाल्यानं शक्कल काढली. प्रत्येकानं घरातली नको असलेली, पण चांगली वस्तू द्यायची, आणि रविवारी शाळेच्या सभागृहात सगळ्यांचा लिलाव करायचा. समितीला हे इतकं आवडलं की कुणाच्या डोक्यात पुढचा विचार आलाच नाही. आता तूच सांग, माणसाच्या घरात नको असलेली, पण चांगली, न वापरलेली वस्तू कुठली असते? दुसऱ्यानं भेट दिलेली. आणि आमच्या एवढ्याशा गावात भेट देणार कोण? गावातलेच लोक.

रविवारी सकाळी दारं उघडली, मंडळी आनंदात आत आली आणि टेबलांवर बघून जागच्या जागी थबकली. औषधवाल्यानं शिंप्याच्या दुकानासाठी हौसेनं घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ तिथे टिकटिकत होतं. त्याच्या शेजारी शिंप्यानं औषधवाल्याच्या मुलीच्या लग्नात दिलेला चहाचा सेट होता, त्याच्या खोक्याची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. दोघं एकाच वेळी तिथे पोहोचले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हवापाण्यावर बोलले. एक ट्रे तर इतक्या घरांतून फिरून आला होता की चार बायका तो मी दिलेला म्हणून ओळखत होत्या. मला वाटलं, संपलं, आता निधी राहिला बाजूला, गावात बोलाचाली तरी राहते का बघू.

पण झालं उलटंच. लिलाव पुकारायला आमचे रिटायर झालेले कंडक्टर होते, त्यांच्या आवाजाला भिंतींचा अडथळा होत नाही. त्यांनी घड्याळ उचललं आणि औषधवाला ताडकन उभा राहिला. आपण दिलेली वस्तू लोकांदेखत स्वस्तात जाणं त्याला कसं परवडणार? त्यानं दुकानातल्या किमतीच्या दुप्पट बोली लावून स्वतःचंच घड्याळ परत घेतलं. मग शिंप्यानं तिप्पट देऊन चहाचा सेट घेतला आणि जाताना खोकं सगळ्यांना दाखवलं. त्यानंतर जो तो आपापली अब्रू सोडवायला पुढे सरसावला. मी अध्यक्ष म्हणून गंभीर चेहरा करून बसलो होतो, पण आतून उड्या मारत होतो.

(बाई, आता कंस जरा लांबणार आहे, पाणी पिऊन घ्या. अध्यक्षानं काहीतरी दिलं पाहिजे, म्हणून मी आत्याचा वाघ दिला होता. तुम्ही तो पाहिलेला नाही. आत्यानं पिवळ्या दोऱ्यांनी भरलेला, काचेच्या चौकटीतला हा मोठा वाघ आमच्या बैठकीच्या खोलीत लग्नापासून होता. अंगावर पट्टे आहेत, पण चेहरा, काय सांगू, आई कुठे गेली म्हणून शोधणाऱ्या वासरासारखा आहे. येणारा प्रत्येक पाहुणा गाईचं चित्र छान आहे म्हणतो आणि मी प्रत्येकाला तो वाघ आहे हे समजावतो. आमची ही तो पुसताना नेहमी तोंड फिरवते. मला वाटलं, हिला तो आवडत नाही, सुटेल बिचारी. हिला न सांगता उतरवला आणि काच बदलायला नेलाय अशी थाप मारली. पण सभागृहात तो टेबलावर आडवा पडलेला दिसला, त्यावर गुरं, एक नग, अशी चिठ्ठी, आणि मला एकदम लहानपण आठवलं. लहानपणी मला गोवर आला होता. खिडक्या लावून आत्या माझ्याजवळ बसून असायची आणि भरतकाम करायची. ताप उतरला, मी डोळे उघडले, तर समोर पहिल्यांदा तो वाघ दिसला. तेव्हा त्याला पट्टे नव्हते. दुसऱ्या दिवशी आले. वाघांना पट्टे मागाहून फुटतात असं मी बरीच वर्षं समजत होतो. आता तिचे डोळे गेले, ती दुसरा वाघ काही करणार नाही, आणि मी नालायक माणूस हा एकुलता एक वाघ ट्रेच्या शेजारी ठेवून आलो. मला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

समितीच्या लोकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी बोली लावायची नाही, हा नियम मीच केलेला. म्हणून मी शिंप्याला बाजूला घेऊन सांगितलं, काय वाटेल ते होऊ दे, वाघ सोडायचा नाही, पैसे माझे. वाघ पुकारला गेला, शिंप्यानं बोली लावली, आणि मागून औषधवाल्यानं ती चढवली. शिंपी आधीच चहाच्या सेटवरून तापलेला. तो वर गेला, हा त्याच्या वर गेला. लोकांना वाटलं, या गाईत काहीतरी आहे. कंडक्टरांच्या आवाजाला तर उकळी फुटली होती. मला तर थांब म्हणायचीही सोय नव्हती. शेवटी औषधवाल्यानं एकदा मागे वळून बघितलं, तेव्हा मीही बघितलं. शेवटच्या रांगेत आमची ही छत्री वर करून त्याला खुणा करत होती. काचवाल्याकडे चौकशीला गेली होती, म्हणे. माझी थाप तिथेच फुटली, आणि आत्याचा वाघ परक्याच्या घरी जाऊ नये म्हणून तिनं औषधवाल्याला उभा केला होता. म्हणजे आमचाच वाघ, आमच्याच पैशांनी, आम्हीच एकमेकांशी झुंजून विकत घेत होतो. त्या दिवशी त्याच्याएवढी किंमत कशालाच आली नाही, शिलाई मशीनलाही नाही. सभागृह खो खो हसत होतं. घरी येईपर्यंत हिनं वाघ माझ्या हाती दिला नाही. मग एवढंच म्हणाली, पुसायचा मी आणि विकायचा तुम्ही, हे कुठलं शास्त्र? तोंड का फिरवायची विचारलं, तर म्हणाली, त्याचा चेहरा बघून हसू येतं, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. कंस संपला.)

तर आत्या, तुझा वाघ मजेत आहे. निधी जमला. दिवा आला, यंत्र आलं, पलंग आला, मांजराची रवानगी औषधाच्या कोठीत झाली. डॉक्टरीणबाई येऊ लागल्या आहेत, हात हलका आहे, बोलणं त्याहून हलकं. पलंगासमोरची भिंत फारच ओकीबोकी दिसते असं त्या म्हणाल्या, तेव्हा तुझी सूनच पुढे झाली आणि म्हणाली, आमचा वाघ लावा. त्यामुळे तो सध्या तिथे आहे, आणि गावातली बरीच मंडळी ऑपरेशननंतर डोळे उघडले की पहिल्यांदा त्यालाच बघतात, जसा मी बघितला होता. मला ते फार बरं वाटतं.

(बाई, हे तर मुळीच मोठ्यानं वाचू नका. डॉक्टरीणबाई पट्टी सोडली की त्या चित्राकडे बोट करून विचारतात, काय दिसतंय? पेशंट वाघ म्हणाला, तर त्याला नुसते पट्टे दिसतायत असं धरून त्या थेंब वाढवून देतात आणि परत बोलावतात. वासरू म्हणाला, की ऑपरेशन यशस्वी. आजवर ही परीक्षा एकदाही चुकलेली नाही. माझ्या डोळ्यांत काही दोष नाही, तरी मला मात्र वाघच दिसतो.)

बाकी सगळं क्षेम. लहानांना आशीर्वाद देण्याइतकी मोठी तू, तेव्हा इथल्या तिघांनाही भरभरून दे. पत्र लांबलं, पण तुला माझी बडबड आवडते म्हणून आवरतं घेतलं नाही.

तुझाच,
ढब्बू

ता. क. खरं सांगायचं ते राहिलंच. हा सगळा खटाटोप मी गावासाठी केला असं लोक म्हणतात आणि मी मान डोलावतो. पण पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढे तूच होतीस. पुढच्या महिन्यात तुझं नाव लावून ठेवलंय, तुला न विचारता. मी घ्यायला येतो. दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, रात्री झोपायला आपल्याच घरी. बघायचं काय राहिलंय म्हणतेस ना? माझ्या डोक्यावरचे केस राहिलेत का, ते तरी बघून जा. नाही म्हणालीस तर मी तिथे येऊन तुझ्या दारात बसेन, आणि हातांच्या खुर्चीवर बसेन.

ता. क. २ (बाई, ती तयार झाली की लगेच कळवा. आणि ती येईपर्यंत तो वासराचा विषय तिच्या कानावर जाऊ देऊ नका. तिनं जिवापाड मेहनत करून भरलेला वाघ आहे. तिला लागेल.)

आत्याबाई, सा. नमस्कार. पाकीट बंद करायला यांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली चार ओळी मी लिहिते. बाई, आता हे पत्र त्यांना पुन्हा पहिल्यापासून वाचा, सगळ्या कंसांसकट. आत्याबाई, लग्नानंतर तुम्ही मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं होतंत, की तुम्ही भरत होतात ते वासरूच होतं. तापातून उठल्यावर पोरगं हरखून वाघ म्हणालं, त्याला नाही म्हणवेना, म्हणून रात्रीतून पट्टे घातलेत. ते मी यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही नक्की या. फक्त एक करा. पट्टी सोडतील तेव्हा हे समोरच उभे असणार, हलायचे नाहीत. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर कितीही स्वच्छ दिसलं तरी वाघच म्हणा. ऑपरेशन चांगलं झालंय हे मी डॉक्टरीणबाईंच्या कानात सांगेन.