पलटण म्हणजे काय

मुरुम, मंगळवार, संध्याकाळ

शेंगांची टरफलं पायाला टोचतायत. माझ्यावर हा उघड अन्याय आहे. पण आमचा अरुण सुट्टी संपवून सीमेकडं गेलाय, आणि पोरगं पोचल्याचा फोन येईपर्यंत ही घरात केर काढू देत नाही. परवा वाटेतून तो एवढंच बोलला, "पलटण पुढं हललीय, मला गाठायचीय." तेव्हापासून फोन बंद.

"अहो, पलटण म्हंजी काय हो?" हिनं आज विचारलं.

शब्दकोश काढून हिला वाचून दाखवलं. शब्द इंग्रजांच्या 'प्लॅटून'वरून, त्यांनी तो फ्रेंचांकडून उचललेला. मुळात अर्थ, सुताचा छोटा गुंडा.

"म्हंजी समदे एकमेकाला धरून ऱ्हातात?"

गुंडा सुटतोही, हे जिभेवर आलं, ते गिळलं. लग्नापासून हिला एकही सरळ उत्तर दिलं नव्हतं.

"व्हय," म्हणालो. "घट्ट धरून."