बेट दिसतं म्हणजे ऐकू येतं

५ एप्रिल
धाकटी नात शम्सा हिचं लग्न १६ तारखेला, समोरच्या बेटावर. घरचे म्हणतात, मला होडी लागते. खोटं. समुद्राला माझी सवय नाही, इतकंच. बेटावर फोन पोचत नाही. म्हणून इथूनच रेडिओवर माझं एकवीस कडव्यांचं काव्य म्हणणार. रेडिओचे मनोरे उभारण्यात चाळीस वर्षं गेली. वीस किलोमीटर समुद्र म्हणजे आमचं अंगण.

७ एप्रिल, सकाळी साडेसहा
जुन्या रीतीने पाहणी. बेटावरून भाऊ हुमैदने आरसा चमकवला, चक्क दिसला! बेट पाण्यावर तरंगत होतं, खजुरी मोजता आल्या. सहा मीटरचा मनोरा पुरे.

८ एप्रिल
पुतणी झुवैना आली. हल्लीची इंजिनीअर. म्हणाली, काका, सकाळच्या दमट हवेत प्रकाशाचा काय, रेडिओचा काय, किरण खाली वाकतो, म्हणून बेट उचललेलं दिसतं. कोरडा वारा सुटला की किरण सरळ जाईल आणि मध्ये पृथ्वीच्या गोलाईमुळे पाण्याचा फुगवटा आडवा येईल. चौदा मीटर घ्या, निदान दुपारी एकदा बघा तरी.
दुपारी! दुपारी अख्खा गाव झोपतो. शिवाय वाकणं हा विनय आहे. शाळेत आम्ही त्यावरच्या कविता पाठ केल्या. हिच्या पिढीला काव्यच नाही.

११ एप्रिल, सकाळी सात
मनोरे उभे, इथे आणि हुमैदच्या गच्चीवर. चाचणी फत्ते. आवाज इतका स्वच्छ की हुमैदने माझ्या खोकल्यावर औषध सांगितलं. झुवैनाला मोठ्या मनाने माफ केलं.

१६ एप्रिल, दुपारी तीन
वाळवंटाकडून कोरडा वारा. समोर बेट नाही. असेल, पण दिसत नाही. एकवीसही कडवी म्हटली. मध्ये कोणी खाकरलंसुद्धा नाही. इतके शांत श्रोते आयुष्यात लाभले नव्हते.

संध्याकाळी
नावाडी निरोप घेऊन आला. सगळे अर्धा तास खरखर ऐकत बसले होते. शम्साने तोवर हलव्याला कुणाला हात लावू दिला नाही.

१७ एप्रिल, सकाळी साडेसहा
बेट पुन्हा वर. रेडिओवर शम्सा. मी ताबडतोब पहिलं कडवं सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला ती म्हणाली, आजोबा, सासरची होडी सुटतेय. तुम्ही नुसते येऊन बसला असतात ना, गप्प, तरी चाललं असतं.
हवा दमट आहे. डोळ्यांना त्रास होतो.
आजपासून होडीत बसायचा सराव. सध्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीत.
तीही जरा हलते.