माझ्या वतीनं दिलेला शब्द

बाई, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी पुष्कळ भांडले, पण सगळं मनातल्या मनात. आज कागद घेतला, कारण काल आपल्या आवारातले शेवटचे सहा कुष्ठरोगी गाडीत बसून गेले. मिशननं केंद्र बंद केलं. सामान न्यायला आलेले कार्यालयातले भाऊ मला म्हणाले, "सिस्टर, आता तुम्ही मोकळ्या." हा शब्द ऐकायला मी बत्तीस वर्षं थांबले होते. आणि काल तो ऐकून मी ड्रेसिंगच्या खोलीचं कुलूप लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

तुम्ही हे केंद्र चालवायला नगरकडून इथं आलात तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. बाबा दवनीवाड्याचे. अंगावर चट्टे उठले तसं घरच्यांनी त्यांची ताटवाटी गोठ्यात ठेवली आणि पुढं त्यांनाही. तुमच्या औषधानं ते बरे झाले, पण बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. तुम्ही त्यांना आवारातलं स्वयंपाकघर दिलंत. पहिल्या दिवशी त्यांनी रांधलेला भात कुणी घेईना, तेव्हा तुम्ही ताट घेऊन सगळ्यांच्या मध्ये बसलात आणि दोनदा मागून खाल्लंत. ही गोष्ट बाबांनी मला किती वेळा सांगितली असेल! मला लहानपणापासून कळायचं, की त्या ताटातल्या भाताखाली आमचं सगळं घर दबलेलं आहे.

नर्सिंग शिकून मी तुमच्या हाताखाली आले, तो मंगळवार होता. सकाळी कोमट पाण्याच्या घमेल्यांत पाय बुडवून वीस-बावीस माणसं भिंतीला टेकून बसलेली. एका म्हाताऱ्याची पट्टी सोडली आणि वास आला तसा मी पदर नाकाला लावला. तुम्ही माझं मनगट धरून मला बाहेर जांभळीखाली नेलंत. "नाक झाकायचं असेल तर घरी जा. त्यांच्या पायांना कळत नाही, पण डोळे आहेत त्यांना." मग म्हणालात, "इतर चर्चच्या मंडळ्या प्रभूची आठवण म्हणून वर्षातून एकदा एकमेकांचे पाय धुतात, आपण दर मंगळवारी धुतो. आपली उपासना ती हीच. रविवारी नुसती गाणी." मी आत जाऊन पदर खोचला. त्यानंतर नाक कधी झाकलं नाही.

आणि त्या चपला. पहिल्या नाताळाला तुम्ही मला कागदात गुंडाळून दिलेल्या, आपल्याच चांभारानं मऊ काळ्या रबरातून कापलेल्या, रुंद पट्ट्यांच्या. पायाला इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं. त्या घालून मी गोंदियाच्या बाजारात गेले, तर दुकानदारानं उरलेली चिल्लर माझ्या हातावर न ठेवता फळीवर सरकवली. "वहीं से उठा लो, बहनजी." तेव्हा लक्षात आलं, गावात या चपला फक्त आपले रोगी घालतात आणि सगळे त्या ओळखतात. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असं होणार नाही. भेट होती की धडा, मी कधी विचारलं नाही. चपला मात्र झिजेपर्यंत वापरल्या.

तीन वर्षांनी नागपूरच्या सरकारी दवाखान्यातून नेमणुकीचं पत्र आलं. शनिवारी दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होतात, बाबा चुलीजवळ होते. मी पत्र वाचून दाखवलं. बाबा आनंदानं उठले आणि तुमच्याकडे पाहून पुन्हा बसले. तुम्ही सुपावरची नजर न काढता म्हणालात, "प्रभूची स्तुती असो." एवढंच. मला वाटलं, झालं, परवानगी मिळाली. रात्री मी पेटी भरली.

रविवारी उपासनेत लोकांनी आपापल्या अनुभवांच्या साक्षी दिल्या, गीत झालं, आणि आभाराच्या प्रार्थनेआधी तुम्ही मला पुढं बोलावलंत. मी उभी आहे, हार्मोनियमवाल्या काकांनी भाता धरून ठेवलाय, दारातून ऊन येतंय. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवता. "आपल्या मुलीला नागपूरची मोठी नोकरी लागली. पण माझा विश्वास आहे, ती आपल्याला सोडून जाणार नाही. देवानं तिला इथंच नेमलं आहे." मग टाळ्या. तुम्हाला आठवतं का, आपल्या मंडळीच्या टाळ्या कशा असायच्या? निम्म्या हातांना बोटं नव्हती, त्यामुळे आवाज कमी आणि हालचाल जास्त. बाबा रडत होते. मी खाली पाहिलं. सगळे "आमेन" म्हणाले, त्यात मीही म्हणाले.

राग म्हणून मी तुम्हाला काय दिलं असेल तर आज्ञापालन. तुम्ही सांगाल ते केलं, हसून केलं, एकही मंगळवार चुकवला नाही. तुम्ही गेल्यावर लोक मलाच बाई म्हणायला लागले. रविवारी पाळक आले नाहीत तर उपदेशही मीच करायची. समर्पणावर बोलायची आणि बोलताना खिडकीतून नागपूरकडे जाणारी एसटी दिसायची. एका मुलाकडून मागणी आली होती, भंडाऱ्याच्या मंडळीतली. तिकडे बदली घेशील का, असं त्यानं विचारलं, मी नाही म्हटलं. कारण काय सांगितलं? "इथं माझी गरज आहे." खोटंही नव्हतं ते. तिथंच तर अडचण होती. जे काम वाईट म्हणून सोडावं असं एकही कारण सापडत नाही, त्यातून बाहेर कसं पडायचं? दुष्टानं कोंडलं तर माणूस दार तरी ठोठावतो.

गेल्या महिन्यात कार्यालयाचं पत्र आलं. नव्या लागणी आता सरकारी दवाखान्यातच बऱ्या होतात, सहा माणसांसाठी केंद्र चालवता येत नाही, त्यांना मोठ्या आश्रमात हलवायचं. हे त्यांना सांगायचं कसं या विचारानं मला दोन दिवस घास गेला नाही. शेवटी ओसरीवर सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. मला वाटलं, रडतील, पाय धरतील. त्यांच्यातली म्हातारी आजी, जिला तुम्ही इकडच्याच प्रतापगडच्या यात्रेतून उचलून आणलं होतं, ती सगळ्यांच्या वतीनं बोलली.

"मंग कवा जाचं?"

"आजी, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"कायले वाटन? तिथं पंखे हायेत, दोन येळचा चहा हाये. पाच-सहा वर्साआधी मिशनचे साहेब आलते, तवाच इचारलं होतं त्याईनं. आमीच नाई म्हटलं."

"काऊन नाही म्हटलं?"

ती बाकीच्यांकडे बघते. मग ती माझ्या गुडघ्यावर आपला थोटा हात ठेवते. "आता काऊन म्हंते! आमी गेलो असतो त तू काय केली असती? ना घर, ना मानूस. मंगळवार आला का पानी गरम करते, तुले दुसरं येतेच का? तुयासाठी थांबून राहिलो, बाई."

मी हसले, बाई. मोठ्यानं हसले आणि ते सगळेही हसले. मग मी मागच्या बाजूला गेले आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिले. मी त्यांच्यासाठी अडकले होते आणि ते माझ्यासाठी, आणि दोघांनीही एकमेकांवर उपकार केले म्हणून देवाचे आभार मानत होतो.

काल निघताना आजीनं गाडीतून विचारलं, "तू कुटं जाशील?" मी म्हटलं, "बघते." कार्यालयानं महिनाभर खोली ठेवायला सांगितलंय. नागपूरला नात्यातलं कुणी नाही. चोपन्नाव्या वर्षी कुणी नोकरी देत नाही. दार उघडं आहे आणि मी आतच बसले आहे.

हे पत्र टाकायला पाकीट आणलेलं नाही, आणणारही नाही. पण एक गोष्ट तुमच्याखेरीज कुणाला सांगण्यासारखी नाही. त्या रविवारी तुमचा हात डोक्यावर पडला तेव्हा माझ्या मनात आधी राग आला नव्हता. आदल्या रात्री पेटी भरताना मी दोनदा सगळं परत बाहेर काढून ठेवलं होतं. एवढं मोठं शहर, अनोळखी माणसं, आणि कुणी विचारलं की वडील काय करतात, तर काय सांगायचं? तुम्ही माझ्या वतीनं शब्द दिलात आणि मला सुटल्यासारखं वाटलं. राग दुसऱ्या दिवशी आला. मग तोच मी बत्तीस वर्षं धरून ठेवला.